सेवेची मुळाक्षरे

गेल्या उन्हाळ्यात माझी एक भाची काही दिवस आमच्याकडे, लष्करातील घरी, राहावयास आली होती. शिक्षण पुरे करून ती चंबळेच्या बेहडालगतच्या एका खेड्यात आरोग्यसेवेच्या कामासाठी जावयाची होती. कामावर रुजू होण्यास तीन आठवड्यांचा अवकाश होता, आणि तो अवकाश तिने, तिच्याच शब्दांत सांगावयाचे तर, ‘तयारी’साठी राखून ठेवला होता. तिच्या पेटीत वैद्यकाची पुस्तके होती, उपनिषदांचे एक भाषांतर होते, आणि पहाटे चार वाजता साऱ्या घराला जागे करणारे एक घड्याळही होते. पहाटे ध्यान, मग वाचन, मग टिपणे, असा तिचा क्रम. ‘मामा, माझी तयारी चालू असताना मला कुणी हाक मारू नये,’ असे तिने पहिल्याच दिवशी नम्रपणे, पण स्पष्ट सांगून टाकले.

आता आमच्या घरात एक फार म्हाताऱ्या मावशी आहेत. त्यांना विस्मरण जडले आहे. ‘आज वार कोणता गं?’ हा प्रश्न त्या दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारतात, आणि उत्तर मिळाले की दर वेळी नव्याने समाधान पावतात. चौथ्या दिवशी ध्यानाच्या वेळी हा प्रश्न तिसऱ्यांदा आला, तेव्हा भाचीचा तोल सुटला. ‘सोमवार! सोमवार! किती वेळा सांगू?’ मावशी गप्प झाल्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा वार विचारला नाही. संध्याकाळी भाची माझ्यापाशी येऊन बसली. चेहरा उतरलेला होता. ‘मामा, देव जवळ आहे असे एकदा तरी जाणवावे म्हणून मी इतकी धडपडते. काहीच जाणवत नाही. तिकडे गेल्यावर, काम सुरू झाल्यावर तरी जाणवेल ना?’

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. आज मी जे सांगणार आहे, ते तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे. त्यातील अर्धे विनोबांचे आहे आणि अर्धे माझ्या आईचे.

विनोबा म्हटले की महाराष्ट्रातील वाचकांना भूदान आठवते. आम्हा ग्वाल्हेरकरांना त्याआधी आठवतो तो 1960 सालचा मे महिना. भिंड-मुरैनाच्या त्या भेगाळलेल्या मुलखात तेव्हा बंदुकीचे राज्य होते. लोक या बंदूकवाल्यांना डाकू म्हणत नसत, ‘बागी’ म्हणत, म्हणजे बंड करून उठलेला. कोणाचे जमिनीवरून वैर, कोणाचा अपमान, कोणाचा भाऊ मारला गेलेला. माणूस बेहडात उतरला की परतीची वाट बंद. यांतील सर्वांत नावाजलेला मानसिंग 1955 मध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहिले. विनोबांनी त्याच मुलखातील एक निवृत्त सेनानी, मेजर जनरल यदुनाथसिंग, यांना त्याच्या भेटीस पाठविले, आणि मग स्वतः, भर वैशाखात, पायी, त्या बेहडात शिरले. बरोबर शस्त्र नव्हते, आणि माफीचे आश्वासनही नव्हते. शस्त्र खाली ठेवा, तुरुंगात जा, शिक्षा भोगा, एवढेच त्यांचे सांगणे. वीसेक बागी पुढे आले व त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. लोकमन ऊर्फ लुक्का हा त्यांतलाच.

या प्रसंगावर त्या वेळी कडक टीका झाली. पोलीस खात्यातून झाली तशी सामान्य माणसांतूनही झाली. त्या टीकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ज्या घरातील कर्ता पुरुष गोळीला बळी पडला, त्या घरातील विधवेची विचारपूस कोणी केली, हा प्रश्न विचारणाऱ्यांना आजही नीट उत्तर देता येत नाही. तरीपण आजचा माझा विषय वेगळा आहे. चौसष्ट वर्षांचा, प्रकृतीने क्षीण, गणित आणि व्याकरण यांत रमणारा हा मराठी माणूस, खून केलेल्या माणसासमोर उभा राहतो आणि त्याला त्याच्यात देव दिसतो. ही दृष्टी त्याने आणली कोठून? ती त्याला चंबळेच्या काठी मिळाली काय?

या प्रश्नाचा माग काढीत मागे गेलो की आपण एका स्वयंपाकघरात जाऊन पोहोचतो. 1916 च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसलेला विनायक भावे सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. ब्रह्मविद्येचा शोध आणि देशासाठी सर्वस्व देण्याची ओढ, दोन्ही त्याच्या मनात होत्या. पुढे गांधीजींशी पत्रव्यवहार होऊन 7 जून 1916 रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात येऊन दाखल झाला. त्या वेळी गांधीजी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी या तरुणाच्या हाती एक सुरी दिली आणि भाजी चिरावयास बसविले. हिमालयाची ओढ घेऊन आलेल्या माणसाला मिळालेली ही पहिली दीक्षा! विनोबा हा प्रसंग पुढे मोठ्या कौतुकाने सांगत. एवढा मोठा पुढारी हे काम करतो, असे त्यांनी तोवर पाहिले नव्हते, ऐकलेही नव्हते.

त्या आधीचाही एक गुरू होता. तो बडोद्याच्या घरात होता. विनोबांची आई रुक्मिणीबाई. शेजारच्या घरातील गृहिणी गावाला गेली की ही माउली आपला स्वयंपाक आटोपून शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्यांचा स्वयंपाक करी. लहान विन्याने एकदा टोमणा मारला की, आपले आधी आणि त्यांचे मागून, हा तुझा स्वार्थच नव्हे काय? आई हसली. त्यांचे आधी केले तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत ते गार होऊन जाईल, असे तिचे म्हणणे होते. श्रोतेहो, मी वेदान्तावरील पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. शेजाऱ्याच्या ताटातील भात गरम असावा, इतक्या बारकाईने दुसऱ्याचा विचार करणारे अद्वैत त्यांत मला क्वचितच आढळले.

मग पुढची तीस-पस्तीस वर्षे पाहा. साबरमती, 1921 पासून वर्धा, नालवाडी, 1938 पासून पवनार. सूत कातणे, विणणे, दळणे, खड्डे खणणे, पाणी ओढणे. यांत वर्तमानपत्रात छापून यावे असे फारसे काही नाही. शेवटी शेवटी तर पवनारहून जवळच्या सुरगावला ते रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून जात आणि त्या गावाची घाण साफ करीत. हे एकदोन दिवसांचे प्रदर्शन नव्हते, महिनोन्महिने चालले. एकदा पाऊस फार झाला आणि वाटेतील नदीला पूर आला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. विनोबा अलीकडच्या काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला त्यांनी ओरडून निरोप दिला की, देवळात जाऊन देवाला सांग, गावचा भंगी आला होता, पण पुरामुळे त्याला पलीकडे येता आले नाही. तो माणूस ‘बरे’ म्हणाला. काय सांगशील, असे विनोबांनी विचारले, तर तो म्हणाला की बाबाजी आले होते असे पुजाऱ्याला सांगतो. विनोबांनी त्याला पुन्हा दुरुस्त केले. बाबाजी नव्हे, गावचा भंगी. आणि पुजाऱ्याला नव्हे, देवाला.

मला हा प्रसंग चंबळेच्या प्रसंगाइतकाच मोठा वाटतो. किंबहुना तो आधी घडला म्हणूनच चंबळेचा घडला, असे माझे मत आहे. ज्याला रोजच्या कामाची हजेरी देवाकडे लागते असे मनापासून वाटत होते, त्याला बागीच्या डोळ्यांत देव शोधण्यास निराळी दृष्टी आणावी लागली नाही. तीच दृष्टी तो घेऊन आला.

हे माझे अनुमान आहे, पण त्याला आधार विनोबांचाच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात असताना ते दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. तीच ‘गीता प्रवचने’. त्यांतील एप्रिलअखेरच्या एका रविवारी दहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लहान मुलाच्या अक्षरओळखीचा दाखला दिला आहे. मुलाला आधी सोपी अक्षरे शिकवितात, जोडाक्षरे मागून. देवाचीही अशीच लिपी आहे. आईमध्ये, गंगेमध्ये, सूर्यामध्ये, गाईमध्ये देव दिसणे हे सोपे अक्षर. राम सोपा, रावण हे जोडाक्षर. पण जोडाक्षरही अखेर त्याच मुळाक्षरांचे बनलेले असते, आणि मुळाक्षरे पक्की झाल्यावाचून ते वाचता येत नाही. ऐकणारे कैदी होते, हे विसरू नये. त्या बराकीत जोडाक्षरे पुष्कळच असतील.

ही गोष्ट काही एका धर्माची वा एका प्रांताची मिरास नव्हे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधू होता. पूर्वी तो सैनिक होता, लढाईत जायबंदी झालेला. मठात त्याला स्वयंपाकघराचे काम मिळाले, आणि मनातून त्याला त्या कामाचा तिटकारा होता. पुढे त्याने मनाशी अशी सवय लावून घेतली की भांड्यांच्या खडखडाटात आणि प्रार्थनामंदिराच्या शांततेत देवाची सोबत सारखीच जाणवावी. तो 1691 मध्ये वारला. मागे राहिली ती काही पत्रे व संभाषणे, आणि तेवढ्यावर आजही जगभरचे लोक पोसले जातात. धर्मप्रसाराला दूरदेशी निघणारे मिशनरीही ते पुस्तक जवळ बाळगीत आले आहेत. आपल्याकडे सावता माळी अरणच्या मळ्यात हेच करीत होता आणि जनाबाई जात्यावर हेच करीत होती. परंतु आपण त्यांची देवळे बांधली आणि मळा व जाते विसरलो.

येथे कोणी म्हणेल, मग घरीच बसावे. सेवेला बाहेर पडण्याची गरज काय? हा आक्षेप फसवा आहे. विनोबा घरी बसले नाहीत, घर सोडून गेले. भाजी चिरण्यात देव आहे एवढ्यासाठी जन्मभर भाजीच चिरावी असे कोणी सांगितलेले नाही. जावयाचे आहे, जरूर जावे. माझे म्हणणे एवढेच की ‘तयारी’ हा शब्द आपण चुकीच्या अर्थाने वापरतो. रेल्वे स्थानकावरच्या प्रतीक्षालयासारखी ती आपल्याला वाटते. गाडी आली की खरा प्रवास सुरू होणार. तोवर बाकावरच्या सहप्रवाशाकडे पाहण्याचे कारण नाही. आणि ज्याने तीन आठवडे वार विचारणाऱ्या म्हातारीला अडथळा मानले, त्याला खेड्यातील प्रत्येक रोगी औषधाची वेळ तिसऱ्यांदा विचारताना अडथळाच वाटणार. तो काही गाव बदलल्याने देव होणार नाही.

माझी भाची आता त्या खेड्यात आहे. तिची पत्रे येतात, म्हणजे आजकालच्या रीतीने दूरध्वनीवर येतात. त्यांत देवाविषयी एक अक्षर नसते. हातपंपाविषयी, रस्त्याविषयी आणि एका बाळंतिणीच्या हट्टी सासूविषयी असते. मी हे सुचिन्ह समजतो.

आता राहिले उत्तराचे दुसरे अर्धे. ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ते माझ्याच चुकीचे आहे.

1972 साली मी महाविद्यालयात शिकत होतो. आम्ही सात-आठ विद्यार्थी पहाटे एकत्र जमून प्रार्थना करीत असू, टकळीवर सूत काढीत असू, ‘गीता प्रवचने’ वाचीत असू. शिक्षण संपल्यावर प्रत्येकाने निदान एक वर्ष बेहडात सेवेसाठी द्यावयाचे, असा आमचा संकल्प होता. 1970 मध्ये सुब्बराव यांनी जौऱ्याला महात्मा गांधी सेवा आश्रम सुरू केला होता. आमचे डोळे तिकडे लागलेले. त्यातच बातमी आली. 1971 साली माधोसिंग हा नामांकित बागी रामसिंग नावाचा ठेकेदार बनून पाटण्यास जयप्रकाश नारायण यांच्या दारी गेला होता. त्या भेटीतून सुरू झालेल्या खटपटीला फळ येऊन आता शेकडो बागी जयप्रकाशांपुढे शस्त्रे ठेवणार होते. विनोबांनी बारा वर्षांपूर्वी पेरलेले उगवले होते. आम्ही जाणार, हे सांगावयास नकोच.

निघण्याच्या आदल्या रात्री आईला ताप होता. वडील नोकरीनिमित्त उज्जैनला. घरात आम्ही दोघेच. तिने मला जाऊ नको असे म्हटले नाही. एवढेच म्हणाली, ‘पहाटे नळ आला की तेवढे पिंप भरून ठेवून जा. मला उद्या घागर उचलवायची नाही.’ तिघऱ्याच्या धरणाचे पाणी त्या दिवसांत आमच्या गल्लीत पहाटे घटकाभर येई, ते गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. मी ‘हो’ म्हटले. पण पहाटे मित्र हाक मारीत आले, जौऱ्याकडे जाणारी छोटी गाडी पकडावयाची होती, नळ अजून कोरडा होता. मी पिंपाकडे पाहिले, आणि तसाच निघालो. आई जागी होती की नाही, हे मी पाहिले नाही.

ती छोटी गाडी आता राहिली नाही. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत जाई; 2020 साली बंद झाली. तिच्या टपावर बसून, कापणी झालेल्या शेतांतून, आम्ही भजने म्हणत गेलो. जौऱ्याला माणसांचा समुद्र लोटला होता. 14 एप्रिलचा दिवस. जयप्रकाश होते, प्रभावतीदेवी होत्या. मी फार मागे उभा होतो. तरी मोहरसिंगाने आपले शस्त्र गांधीजींच्या प्रतिमेपुढे ठेवले तेव्हा त्या गर्दीवर जी शांतता पसरली, ती मला आजही ऐकू येते. माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. देव येथे आहे, असे मला त्या क्षणी निःसंशय वाटले. आणि ते खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी परतलो. मनात भाषण तयार होते. दारातून आत आलो तो आई भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्यासमोर, आमच्याच कपातून चहा पीत, समोरच्या घरातील बाई. श्रोतेहो, त्या घराशी आमचे दोन वर्षे बोलणे नव्हते. त्यांच्या मोरीचे पाणी आमच्या उंबऱ्याशी येई, त्यावरून जे भांडण झाले होते त्यात मीही तोंड चालविले होते, आणि त्या बाईंना जे म्हणू नये ते म्हटले होते. मी काही न बोलता पाणी प्यावयास म्हणून आत गेलो. पिंप काठोकाठ भरलेले होते. शेजारी हंडा भरलेला, कळशी भरलेली, आणि तिच्यावर स्वच्छ फडके.

मी बाहेर आलो तशा त्या बाई उठल्या. मी कसेबसे विचारले की तुम्हाला कळले कसे. त्या आपल्या बोलीत म्हणाल्या, ‘लल्ला, तुम्हारी गागर की आवाज नहीं आई.’ रोज पहाटे आमच्या नळाखाली घागर वाजते, ती आज वाजली नाही, एवढेच त्यांना ऐकू आले होते. म्हणजे न वाजलेलेच ऐकू आले होते. दोन वर्षे न बोलणारी ती स्त्री रोज आमच्या घागरीचा आवाज ऐकत होती.

जौऱ्याला मी एक फार मोठे जोडाक्षर वाचले जाताना पाहून आलो होतो. आमच्या गल्लीत जे वाचले गेले त्याला मी हजर नव्हतो.

रात्री आईचा ताप उतरला. तिने मला जवळ बसविले आणि जौऱ्याची हकीकत विचारली. पिंपाविषयी ती काही बोलली नाही. मी सर्व सांगितले. गर्दी, शांतता, मोहरसिंग, जयप्रकाश. सांगता सांगता पुन्हा गहिवरलो. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘फार चांगलं झालं रे. पण इतकी माणसं, इतक्या उन्हात. त्यांना जेवायला कुणी वाढलं?’

मला ते ठाऊक नव्हते. मी स्वतः तेथे दोन वेळा जेवलो होतो.